आई म्हणून तुमचं मत

"आपण कोण?" देशमाने बाईंनी विचारलं.

मी हसून म्हटलं, "मी गार्गीची आई. गार्गी चौगुले, पाचवी ब."

बाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं, मग समोरच्या रजिस्टरात पाहिलं, मग परत माझ्याकडे.

"गार्गीच्या आईंना मी ओळखते," त्या म्हणाल्या. "त्या प्रत्येक पालकसभेला येतात."

"कोण येतं?"

"गार्गीची आई."

"अहो, मग मी कोण?"

हे जरा मोठ्यानंच झालं असावं. बाकांवर बसलेले सात-आठ आईबाप एकदम गप्प झाले. एका बाईनं तर पर्समधून चष्मा काढून लावला आणि मला नीट बघून घेतलं.

आता सांगायला हरकत नाही, पंधरा-सोळा वर्षं झाली त्याला. गडहिंग्लजला तेव्हा माझं रुखवत करून द्यायचं काम जोरात होतं. नवरीमुलीला सुईसुद्धा हातात धरता येत नसली तरी मांडवात तिच्या नावानं सप्तपदीच्या सुपाऱ्या, मोत्यांची तोरणं, पाच रंगांच्या कुरडया, बोटभर उंचीचं स्वयंपाकघर, सगळं मांडलेलं दिसायचं, ते माझं. "मुलीनं स्वतः केलंय हो," असं मुलीची आई सासरच्यांना सांगायची आणि मी बाजूला उभी राहून मान डोलवायची. पुढं पुढं काम इतकं वाढलं की एका दिवशी तीन-तीन मांडव लागायचे. मग एका मांडवात मी आणि दुसऱ्यात माझी मदतनीस मालन. लोकांना "चौगुले वहिनी" हव्या असायच्या, म्हणून मीच मालनला सांगून ठेवलं होतं, कुणी विचारलं तर मीच चौगुले वहिनी म्हणून सांग. तिनं माझ्या नावानं कितीतरी ओट्या भरून घेतल्या असतील. आम्हाला त्यात काही वावगं वाटायचं नाही, धंद्याची रीतच पडली होती ती.

त्या शनिवारी मी शाळेत गेले ती खरं तर सभेसाठी नव्हेच. माझ्या पर्समध्ये एक फॉर्म होता. डोंगरावर एक निवासी शाळा होती, सहावीपासून मुली घ्यायची. गार्गीच्या शाळेनं चार हुशार मुलींची नावं काढून त्यांना फॉर्म दिले होते. तिचा फॉर्म मी भरला होता, फक्त वर्गशिक्षिकेची सही राहिली होती आणि सोमवारी शेवटची तारीख होती. तुळशीच्या लग्नापासून जूनपर्यंत माझी लग्नसराई, आणि नेमका त्याच महिन्यांत ह्यांच्या साखर कारखान्याचा हंगाम. हे बॉयलरवर, मी मांडवात. पोर किल्ली गळ्यात घालून फिरायची. तिथं निदान वेळेवर ताटावर बसेल, असं मला मनापासून वाटत होतं.

देशमाने बाईंनी रजिस्टर माझ्याकडे फिरवलं. "ह्या बघा सह्या."

चार सह्या होत्या. चारही ठिकाणी वैजयंता चौगुले. नाव माझंच, पण अक्षर माझं नव्हतं. मोठं, टपोरं, एकेक अक्षर दाबून काढलेलं.

"ही मी नाही," मी म्हटलं.

"तेच तर मी म्हणतेय," बाई म्हणाल्या.

 नखांना सोनेरी रंग लागलेला होता, तो मी उगाच खरवडायला लागले. बाई वाईट नव्हत्या, त्याच वर्षी बदलून आल्या होत्या, त्यांना तरी काय कळणार? त्यांनी आवाज खाली आणला.

"तुम्ही बाहेरगावी असता का?"

"नाही हो, इथंच. दोन गल्ल्या सोडून."

"नाही, म्हणजे डिसेंबरात कवायतीच्या वेळी गार्गीला चक्कर आली, तेव्हा आम्ही घरी फोन केला. तिच्या आई दहा मिनिटांत आल्या. अनवाणी पळत आल्या होत्या. मीच त्यांना आधी पाणी दिलं."

"गार्गीला चक्कर आली होती?"

ह्या प्रश्नावर बाईंचा चेहरा बदलला. आतापर्यंत त्यांना माझा संशय येत होता, आता माझी दया यायला लागली. संशय परवडला, असं झालं मला.

मी घाईघाईनं फॉर्म काढून टेबलावर ठेवला. "ते जाऊ दे. मला फक्त ह्यावर तुमची सही पाहिजे."

"हा? पण गेल्या सभेत मी त्यांना स्पष्ट विचारलं होतं. म्हटलं, मुलगी लहान आहे, आई म्हणून तुमचं मत काय? त्या म्हणाल्या, पोरगी कुठंही जाणार नाही. म्हणून मी तिचा दाखला बाजूला ठेवून दिला."

"असं म्हणाली? माझ्या मुलीबद्दल?"

"हे बघा," बाई उठून उभ्या राहिल्या, कारण मागे रांग लागली होती, "तुमच्या दोघींत काय आहे ते मला माहीत नाही. पण एक आई म्हणतात पाठवू नका आणि दुसऱ्या म्हणतात सही करा, असं मला कसं चालेल? सोमवारी दहाला या. दोघीही या."

दोघीही या! मी मैदानात आले. सायकली लावायच्या जागेपाशी उभं राहून मी डोकं चालवायला लागले. कोण असेल? नणंद तर सोलापुरात. शेजारच्या लोहार काकू साठीच्या. मग मनात नको ते आलं. बाई असेल. ह्यांची कुणीतरी. माझ्या नावानं वावरते, माझ्या लेकीला आई म्हणवून घेते, आणि मी मूर्खासारखी लोकांच्या पोरींचे संसार सजवत बसलेय. मी तिथल्या तिथं ह्यांना फोन लावला.

"अहो, खरं सांगा. तुमचं बाहेर काही आहे का?"

"बाहेर? बाहेर उसाचे ट्रॅक्टर आहेत, लाईन लागलीय. का गं? मोठ्यानं बोल, बॉयलरचा आवाज येतोय."

"बाई! बाई आहे का कोण?"

"कसली बाई? ऊन लागलं काय तुला?"

"गार्गीच्या शाळेत कुणीतरी माझ्या नावानं जाते. सह्या करते. पालकसभेला!"

पलीकडे क्षणभर नुसता बॉयलरच ऐकू आला.

"अगं, मालन जाते की," हे म्हणाले. "तूच तर मला सांगितलंस."

"मी? कधी?"

"दिवाळीच्या आधी. मी म्हटलं, सुट्टी टाकून सभेला जाऊ का, तर तू म्हणालीस, नको, मालन जाते, तिला जमतं आता. वैजू, बरी आहेस ना? पाणी पी आधी."

मी फोन बंद केला. मला काही म्हणजे काही आठवत नव्हतं.

आठवलं ते वेगळंच. सकाळी मालन कामाला आली ती मोरपंखी साडी नेसून, कडक इस्त्री केलेली, केसांत अबोली. मी चिडवलंही होतं, "काय गं, बघायला बिघायला येणार आहेत की काय तुला?" ती लाजून म्हणाली, "शनिवार हाय न्हवं." मग मी पर्स उचलत म्हटलं, "आज मी जरा गार्गीच्या शाळेत जाऊन येते." त्यावर ती एवढंच म्हणाली, "व्हय? बरं."

घरी पोचले तर मालन कामाच्या खोलीत जमिनीवर बसून सुपाऱ्यांना मोती चिकटवत होती. दुसऱ्या दिवशी आजऱ्याला लग्न होतं, त्याची ऑर्डर. मला बघून तिनं मान वर केली.

"आलासा? काय म्हनल्या बाई? गणितात किती पडलं?"

"तू कोण गं विचारणारी?"

तिनं हातातली सुपारी ताटात ठेवली.

"किती दिवस चाललंय हे?" मी ओरडले. "माझ्या नावानं शाळेत जायचं, माझ्या सह्या ठोकायच्या?"

"श्रावणापास्नं."

"आणि मला एका शब्दानं सांगावंसं वाटलं नाही तुला?"

ती खरोखरच गोंधळली. "पर वैनी, तुमीच धाडलं की मला."

"मी?"

"मंगळागौरीची आर्डर हुती बगा. तुमच्या दोनी हातास्नी डिंक. गार्गी चिठ्ठी घिऊन आली. तुमी म्हनलासा, वाच काय हाय. तिनं वाचली. तुमी म्हनलासा, मालन, तूच जाऊन ये बाई, माझं नाव सांग नि सही कर. मांडवात करतीस तसंच. मी म्हनलं, वैनी, शाळा हाय ती, मांडव न्हवं. तर तुमी म्हनलासा, तितं कोन वळखतंय आपल्याला."

"बरं, एकदा म्हटलं असेन. पुढं?"

"पुढच्या बारीला गार्गीनं परत चिठ्ठी तुमच्याच हातात दिली. तुमी बगितलीबी न्हाईसा, माझ्याकडं सरकवलीसा. तवापास्नं ती माझ्याकडंच देती."

मी अजूनही सांगते, ह्यातलं मला काही आठवत नाही. मालनला आठवतं, ह्यांना आठवतं, गार्गीला तर माझ्या अंगावरची त्या दिवशीची साडीसुद्धा आठवते. मी तेवढी कोरी. खोटं बोलत असते तर बरं झालं असतं, निदान काय घडलं ते तरी माझ्याजवळ राहिलं असतं.

"आणि सही? तुला लिहिता कुठं येतं?"

"गार्गीनं शिकिवलं. आठ दिस पाटीवर गिरवून घेतलं माझ्याकडनं. चुकलं की हातावर पट्टी मारायची, लई कडक मास्तरीन हाय."

"मग स्वतःचं नाव शिकलीस का?"

"न्हाई," मालन म्हणाली. "ते कुटं लागतंय?"

 राग काही खाली बसत नव्हता, तो कुठंतरी काढायलाच हवा होता.

"तिला चक्कर आली ते का नाही सांगितलंस?"

"तुमी निपानीच्या मांडवात. सांजच्याला आलासा तवा सांगाया लागले, तर म्हनलासा, उद्या बोल, डोकं फुटतंय."

"मग दुसऱ्या दिवशी सांगायचंस!"

"दुसऱ्या दिशी कोगनोळीचं लगीन हुतं."

हे बरोबर होतं. कोगनोळीचं लग्न मला आठवत होतं, तिथलं भातुकलीचं स्वयंपाकघर, त्यातला तांब्याचा बंब, सगळं आठवत होतं.

"ठीक आहे," मी म्हटलं. "सगळं मीच सांगितलं. मग पोरगी कुठं जाणार नाही, हेही मीच सांगायला सांगितलं होतं काय?"

 साडीच्या पदराला चिकटलेला एक मोती मालननं काढला आणि डबीत टाकला.

"न्हाई," ती म्हणाली. "त्यो गुन्हा माझा."

"का केलास?"

"बाईंनी इचारलं, आई म्हनून तुमचं मत काय." तिचा आवाज बारीक झाला. "वैनी, मला आजपातूर कुनी कसलंच मत इचारलं न्हाई. म्हायेरात न्हाई. सासऱ्याच्यात तर न्हाईच, त्येनी मला परत धाडली तेबी न इचारता. आन ह्या एवढ्या शिकलेल्या बाई खुर्चीत बसून मला इचारत्यात. त्वांडातनं निघून गेलं. पोरगी कुटं जानार न्हाई म्हनलं. त्या म्हनल्या, बरं. लिवून घेतलं की हो त्येनी. लई बरं वाटलं बगा. घरला आल्यावर भ्या वाटलं."

इथं मी थांबायला हवं होतं. थांबले नाही. मी म्हटलं, "तुला मूल नाही म्हणून माझं पळवतेस होय गं?"

म्हटलं मी हे. तोंडातून निघून गेलं, असं म्हणायचीही मला सोय नाही, कारण मी ते विचार करून, लागावं म्हणूनच म्हटलं होतं. आणि ते लागलं. मालन उठली, साडीच्या निऱ्या सारख्या केल्या, खाली वाकून मोत्यांच्या डब्यांना झाकणं लावली.

"उद्याची आजऱ्याची आर्डर पोचवून येते," ती म्हणाली. "मग दुसरी कुनी बगा."

"आई, तू मालन मावशीला का ओरडतीयेस?"

दारात गार्गी उभी होती, हातात अर्धी खाल्लेली चपातीची गुंडाळी. किती वेळ उभी होती देव जाणे. दहा वर्षांची पोर, दोन वेण्या, एका वेणीची रिबीन सुटलेली. तिला बघितल्यावर माझ्यातलं सगळं अवसान गेलं. मालनचं म्हणणं खोटं नव्हतं. जिनं पोरीला पाच महिने सांभाळलं तिचं मत बरोबरच असणार, आणि मी पोरीला घराबाहेर काढायला निघाले होते. मला एकदम पश्चात्तापाचं भरतं आलं. मी पर्समधून तो फॉर्म काढला.

"ये इकडे," मी म्हटलं. "झालं ते झालं. तुला नाही ना जायचं तिकडे? मालन मावशीनं बाईंना बरोबर सांगितलं. हा बघ, मी फॉर्म फाडूनच टाकते."

"नको!" गार्गी धावत आली आणि माझा हात धरला. "फाडू नको! मला जायचंय!"

मी मालनकडे बघितलं. मालन माझ्याकडे. तिलाही हे नवीन होतं.

"अगं बाळा, तुला जायचंय?" मी विचारलं. "घर सोडून?"

"हो."

"मला म्हनली न्हाईस कदी," मालन म्हणाली.

"तू रडली असतीस," गार्गी तिला म्हणाली.

मला वाटलं, संपलं. पोरीला घर नकोसं झालंय. माझ्यामुळे. मी खालीच बसले, मोत्यांच्या ताटाशेजारी. "का गं जायचंय तुला? इथं कुणी मारतं का? मी ओरडते म्हणून?"

"नाही गं." तिला माझ्या प्रश्नाचं नवल वाटलं. "ऋचा आहे ना तिथं."

ऋचा म्हणजे समोरच्या डॉक्टरांची मुलगी, तिच्यापेक्षा एक वर्षानं मोठी, गेल्या जूनमध्येच तिथं गेलेली. "मैत्रीण आहे म्हणून होय?" माझा जीव जरा भांड्यात पडला.

"मैत्रीण आहे म्हणून नाही. ऋचानं दिवाळीत सांगितलं मला. तिथं महिन्यातला एक रविवार आईनं यायचं असतं. सकाळी नऊला गेट उघडतात आणि संध्याकाळी पाचला बंद करतात. आत आल्यावर मधेच जाता येत नाही. आईला दुसरं काही कामच नसतं तिथं. फोनपण गेटवर ठेवून घेतात." ती सांगताना भरभर बोलत होती, पाठ केलेलं असल्यासारखं. "ऋचाची आई नऊपासून पाचपर्यंत असते."

 मालनही माझ्याशेजारी खाली बसली.

"इथं तू रोज असतेस," गार्गी म्हणाली, "पण तशी नाही. तिथं पूर्ण एक दिवस. वर्षाचे दहा होतात, मे आणि जून सोडून."

"मग मालन यील न्हवं तुला भेटायला," मालनच म्हणाली. गंमत करायला म्हणाली असेल, पोरीला हसवायला.

गार्गीनं मान हलवली. "नाही चालत. मी ऋचाला विचारलं. तिथं कार्ड करतात, त्यावर आईचा फोटो चिकटवतात आणि शिक्का मारतात. गेटवरचा माणूस फोटो बघूनच सोडतो. दुसरं कुणी आलं तर परत पाठवतात."

हे बोलताना तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, तक्रारही नव्हती. नकाशातली नदी दाखवावी तसं ती सांगत होती, उलट जरा खुशीतच होती. तिनं सगळी चौकशी पक्की केली होती. मग हातातली उरलेली चपाती तिनं तोंडात टाकली आणि म्हणाली, "आई, फोटो काढायला लागेल तुझा. पासपोर्टवाला."

मालननं पदर तोंडाला लावला आणि ती मोरीकडे निघून गेली. मी तिथंच बसून राहिले. मला रडूही येत नव्हतं. पाठवू नये तर पोरीला हवं असलेलं एकुलतं एक मी काढून घेतेय, आणि पाठवावं तर काय, ती माझ्यासाठीच माझ्यापासून लांब चाललीय? डोक्याचा पार भुगा झाला. संध्याकाळी हे कामावरून आले, त्यांना सगळं सांगितलं, तर तेही नुसते टोपी फिरवत बसले. "मग आता गं?" एवढंच म्हणाले.

सोमवारी आम्ही दोघी शाळेत गेलो, मालन आणि मी. मालन यायला तयार नव्हती, मी हाताला धरून नेली. रस्त्यात मी तिची माफी मागितली. ती म्हणाली, "चला हो, उशीर हुतोय." बाईंपुढं जे काय लाजायचं ते लाजून झालं, आणि फॉर्म मी सहीविना परत आणला. पण लोकांना वाटतं, शहाणपण मला सोमवारी आलं. तसं नाही. सोमवारी मी एवढं तरी ठरवू शकले ते मधल्या रविवारामुळे.

रविवारी सकाळी आठला आजऱ्याचा टेम्पो आला. मी नेहमीसारखी पदर खोचून निघाले होते. सप्तपदीचा खोका आधी मागे चढवला, कुरडयांचा मुद्दाम पुढं, फुटू नये म्हणून. मालन पुढच्या सीटवर बसली, माझ्यासाठी सरकून जागा केली. मी दाराला हात लावला आणि मला चढवेना.

"तू जा," मी म्हटलं.

"एकलीच? मोठा मांडव हाय वैनी. नवरीची आई तुमचीच वाट बगत असनार."

"चौगुले वहिनी म्हणून सांग." सवयीनं म्हटलं मी ते. मग म्हटलं, "नको. मालन म्हणून सांग. चौगुले वहिनींना आज काम आहे म्हण."

तिनं माझ्याकडे टक लावून बघितलं आणि ड्रायव्हरला म्हणाली, "चला."

घरात आले. फोन स्वयंपाकघरात पिठाच्या डब्यात टाकला आणि झाकण लावलं. हे शिफ्टला गेले होते. नऊ वाजले तेव्हा मी गार्गीच्या खोलीच्या दारात जाऊन उभी राहिले. ती कॉटवर पालथी पडून चित्र रंगवत होती.

"तू गेली नाहीस आजऱ्याला?"

"मालन गेली."

"मग तू?"

"मी तुला भेटायला आलेय."

ती उठून बसली. माझी काहीतरी चाल आहे, असं तिला वाटलं असणार. "इथं? घरातच?"

"हो."

"किती वाजेपर्यंत?"

"तिथं किती वाजेपर्यंत असतं?"

"पाच."

"मग पाच."

तिनं जरा विचार केला आणि रंगपेट्या बाजूला सारल्या. मी आत गेले आणि पहिल्यांदा काय केलं, तर तिच्या खुर्चीवरचे कपडे घड्या करायला घेतले.

"आई," ती म्हणाली, "तिथं असं आवरत नाहीत."

मी कपडे होते तसे ठेवले. कॉटच्या कडेला टेकले. हात कुठं ठेवायचे तेच मला कळेना. पाच महिन्यांचं, नव्हे पाच वर्षांचं विचारायचं होतं आणि एक प्रश्न तोंडातून फुटत नव्हता. ती माझ्याकडे बघत होती, मी तिच्याकडे. परक्या घरी पाहुणी आल्यासारखी मी अवघडून गेले होते.

"गार्गे," मी शेवटी म्हटलं, "ऋचा आणि तिची आई काय करतात गं तिथं? नऊपासून पाचपर्यंत?"

"काही नाही. बसतात."

"बसतात म्हणजे? काय करतात?"

"अगं, बसतात."

मी पाय वर घेऊन भिंतीला टेकून बसले. ती सरकत सरकत आली, माझ्यापासून वीतभर अंतरावर थांबली आणि तशीच टेकून बसली. मी चोरून घड्याळाकडे बघितलं. नऊ वाजून दहा मिनिटं झाली होती.